समुद्राची आई : कॅथलीन ड्रू-बेकर

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. माझी एक रूम पार्टनर सुट्टीत मुंबईला ताईकडे गेली होती. ताईनं कौतुकानं तिला एका जपानी हॉटेलात नेलं आणि सुशी खाऊ घातली. हॉस्टेलवर परत आल्या आल्या बाईसाहेबांनी मोबाईलवरचे फोटो दाखवायला सुरुवात केली. भाताच्या गोल गोल चकत्या, मधोमध कसलंसं सारण आणि बाहेरून गुंडाळलेला काळपट हिरवा कागद! फोटो बघून आमच्या अकोले तालुक्यातल्या मैत्रिणीनं जाहीर करून टाकलं की यात नवीन काही नाही, ही तर आपली मासवडी, फक्त रस्सा वाढायचा राहिलाय.

आता नगर जिल्ह्यातल्या माणसाला मासवडी म्हणजे काय ते सांगायला नको. पण बाहेरगावाहून आलेल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. ओल्या फडक्यावर शिजवलेलं बेसन थापायचं, त्यावर खोबरं, तीळ, कांदा, लसूण यांचं झणझणीत सारण पसरायचं, फडक्याच्या मदतीनं गुंडाळी करायची, तिला माशासारखा आकार द्यायचा आणि मग वड्या कापायच्या. नावात मासा, पण पोटात मासा नाही! सुशीची गुंडाळीही अशीच होते, फक्त फडक्याऐवजी बांबूच्या काड्यांची छोटी चटई घेतात.

त्या रात्री मात्र आमच्या रूममध्ये दोन मुद्द्यांवर जोरदार वाद झाला. पहिला, सुशी म्हणजे कच्चा मासाच का? आणि दुसरा, तो काळा कागद नक्की कशाचा? कुणी म्हणालं केळीचं पान, कुणी म्हणालं खायचं प्लॅस्टिक! शेवटी मी नेटवर आणि लायब्ररीत शोधायचं ठरवलं. उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोहोचले ती थेट इंग्लंडमधल्या मँचेस्टरला, एका अशा बाईंपाशी, ज्या आयुष्यात एकदाही जपानला गेल्या नाहीत. पण जपानचा सगळ्यात मोठा घास वाचला तो त्यांच्यामुळे. त्यांचं नाव कॅथलीन ड्रू-बेकर. जपानमध्ये त्यांना ‘समुद्राची आई’ म्हणतात.

त्यांची गोष्ट सांगण्याआधी वादाचा पहिला मुद्दा मिटवून टाकू. कच्च्या माशाचे नुसते पातळ काप करून सोया सॉस आणि वसाबी नावाच्या झणझणीत हिरव्या चटणीबरोबर खातात, त्याला साशिमी म्हणतात. त्यात भात नसतो. सुशीचा प्राण मात्र भात आहे. व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला आंबटसर भात असेल तर ती सुशी. मग त्याच्याबरोबर मासा असो, अंडं असो नाहीतर नुसती काकडी. म्हणजे शाकाहारी सुशीही असते!

या सुशीचा जन्मही मजेशीर आहे. पूर्वी मासा टिकवण्यासाठी तो मीठ लावून भातात दाबून ठेवत. भात आंबला की मासा महिनोन् महिने टिकायचा. खायच्या वेळी मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. जपानमधल्या बिवा सरोवराच्या परिसरात अशी आंबवलेली सुशी आजही करतात. पुढे लोक तो भातही खाऊ लागले. आणखी पुढे आंबायची वाट बघण्यापेक्षा भातात सरळ व्हिनेगर घालू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून झटपट सुशी देणं सुरू झालं. त्याचं श्रेय बहुतेक वेळा हानाया योहेई या आचाऱ्याला देतात. गाडीवर उभं राहून दोन घासात खायचा पदार्थ. थोडक्यात, एदोचा वडापावच म्हणा ना! आज पंचतारांकित हॉटेलात मिरवणारी सुशी मुळात कष्टकऱ्यांच्या पोटाची सोय होती.

आता तो काळा कागद. त्याचं नाव नोरी. तो कागद नाही, पान नाही आणि प्लॅस्टिक तर नाहीच. ते आहे समुद्रातलं शेवाळ! पोर्फायरा जातीचं हे शेवाळ धुवायचं, बारीक चिरायचं, पाण्यात कालवून चौकटीवर पातळ पसरायचं आणि वाळवायचं. हाताने कागद बनवतात तीच ही पद्धत. असा एक ताव साधारण २१ सेंटीमीटर लांब, १९ सेंटीमीटर रुंद आणि वजनाला अवघा ३ ग्रॅम भरतो. शेवाळ म्हटल्यावर नाक मुरडू नका. आपल्या घरी पुडिंगमध्ये घालतो ते चायना ग्रासही समुद्री शेवाळाचंच असतं.

जपानी माणसाला नोरी फक्त सुशीसाठी लागत नाही. शाळेच्या डब्यातल्या भाताच्या त्रिकोणी मुटक्याला नोरी, सकाळच्या गरम भाताबरोबर नोरी, नूडल्सच्या सूपवर नोरी. सणासुदीला एकमेकांना भेट म्हणून नोरीचे डबे देतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन नावाचा सण असतो. त्या दिवशी नोरीची अख्खी गुंडाळी न कापता, शुभ दिशेकडे तोंड करून, एक शब्दही न बोलता खायची पद्धत आता देशभर पसरली आहे. २०१३ साली युनेस्कोनं जपानी खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. आपल्याकडे भाकरी नसेल तर जेवण कसं वाटेल? तिकडे नोरीचं काहीसं तसंच.

आणि हीच नोरी दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून जवळजवळ नाहीशी व्हायची वेळ आली होती.

त्याचं कारण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. सतराव्या शतकापासून जपानी कोळी नोरीची शेती करत होते. शरद ऋतूत उथळ समुद्रात बांबू आणि झाडाच्या फांद्या रोवायच्या. काही दिवसांनी त्यावर नोरीचे बारीक कोंब दिसायचे. थंडीत ते वाढायचे, मग कापणी. पुढे फांद्यांच्या जागी जाळी आली. पण नोरीचं बी कुठून येतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं! वसंत ऋतू संपला की नोरी गायब व्हायची. अख्खा उन्हाळा तिचा पत्ता नसायचा आणि थंडीच्या तोंडावर ती आपोआप उगवायची. आली तर आली, नाही तर नाही. म्हणून लोक तिला नशिबाचं गवत म्हणायचे.

आपल्या भाषेत सांगायचं तर कांद्याचं बी कुठं तयार होतं हे माहीत नसताना कांद्याची शेती करायची! वाफे तयार ठेवायचे आणि वाऱ्यावर कुठून तरी बी येऊन पडेल म्हणून आभाळाकडे बघत बसायचं. नगरच्या शेतकऱ्याला पावसाची वाट बघणं नवीन नाही, पण निदान बी तरी त्याच्या हातात असतं. जपानी कोळ्याच्या हातात तेही नव्हतं.

१९४८ च्या सुमारास एकामागून एक वादळं आली. त्यात किनाऱ्यावरचं प्रदूषण वाढत चाललेलं. नोरीचं पीक साफ बुडालं. युद्धात हरलेला, अन्नाला मोताद झालेला देश आणि किनाऱ्यावरच्या हजारो कुटुंबांचं पोट ज्यावर चालायचं तेच पीक गेलं. पुन्हा लावावं म्हटलं तर बी नाही, आणि बी कुठं मिळतं ते सांगणारं कुणी नाही.

त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला एक बाई शिंपल्यांवरचे गुलाबी डाग बघत बसल्या होत्या.

कॅथलीन मेरी ड्रू यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी इंग्लंडमध्ये लँकशायर परगण्यातल्या ली या गावी झाला. शाळा झाली सॅलिस्बरी गावात. तिथून शिष्यवृत्ती मिळवून त्या मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला गेल्या. १९२२ साली पहिल्या वर्गात ऑनर्स पदवी मिळवली आणि लगेच त्याच विद्यापीठात शिकवायला लागल्या. वय किती, तर एकवीसच्या आत! आपण त्या वयात सबमिशनसाठी जर्नलं उतरवत असतो.

वनस्पतिशास्त्रात बाईंनी निवडलेला विषय होता समुद्री शेवाळ, त्यातही लाल शेवाळ. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं, धुराड्यांचं शहर. ते काही समुद्रकिनाऱ्यावर नाही. गुलाब, आंबा, गहू असला काही विषय घेतला असता तर चारचौघात सांगायला तरी बरा! पण ज्याच्यावरून लोक घसरून पडतात त्या शेवाळावर बाईंचं मन बसलं. कॉमनवेल्थ फेलोशिप मिळवून त्या दोन वर्षं अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलेला राहिल्या. नमुने गोळा करायला हवाई बेटांपर्यंत जाऊन आल्या. १९२८ साली लाल शेवाळाच्या काही गटांवरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं.

त्याच १९२८ साली त्यांनी लग्न केलं. आणि नोकरी गेली.

चुकून नव्हे, नियमानं गेली. विवाहित स्त्रियांना नोकरीवर ठेवायचं नाही असं मँचेस्टर विद्यापीठाचं तेव्हा धोरण होतं. नवरा मँचेस्टरमध्येच तंत्रशिक्षणाच्या क्षेत्रातला प्राध्यापक. त्याच्या नोकरीला लग्नामुळे धक्का लागला नाही. बाईंची मात्र गेली. आणि हे काही एकाच विद्यापीठाचं वेड नव्हतं. ब्रिटनमध्ये शिक्षिकांवरची ही बंदी कायद्यानं उठली १९४४ साली आणि सरकारी नोकरीतली १९४६ साली. आपण लगेच नाकं मुरडायला नकोत. आपल्या परराष्ट्र सेवेतही स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागायची. सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा, १९७९ साली, न्यायालयानं या नियमांवर ताशेरे ओढले. आणि आपल्या कमला सोहोनी आठवतात ना? तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी हातात असूनही, केवळ मुलगी म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला आणि पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली.

नोकरी गेल्यावर कॅथलीन यांच्यासमोर दोन रस्ते होते. संसार करत गप्प बसायचं, नाहीतर पगाराशिवाय काम चालू ठेवायचं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. आणि इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. त्या वेळी त्यांना संशोधनासाठी शिष्यवृत्ती कुणी दिली असेल? ॲशबर्न हॉलनं. हे ॲशबर्न हॉल म्हणजे मँचेस्टरमधलं तेव्हाचं विद्यार्थिनींचं वसतिगृह, चक्क लेडीज हॉस्टेल! विद्यापीठानं दार लावलं तेव्हा मदतीला हॉस्टेल धावून आलं. हे वाचलं त्या रात्री मी आमच्या हॉस्टेलच्या गळक्या नळाला आणि पातळ आमटीला जरा कमी नावं ठेवली!

पुढे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात बाईंना मानद संशोधक म्हणून जागा मिळाली. मानद म्हणजे मान भरपूर, पगार शून्य. दोन मुलं झाली, घर होतं, युद्ध आलं, गेलं. बाई काम करत राहिल्या. १९३९ साली मँचेस्टर विद्यापीठानंच त्यांना डी.एस्सी. ही सर्वोच्च पदवी दिली. गंमत बघा, ज्या वर्षी कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, त्याच वर्षी. विद्यापीठाला बाईंची विद्वत्ता मान्य होती, फक्त पगारपत्रकावर त्यांचं नाव नको होतं!

इंजिनिअरिंगवाल्यांनी आता कान टवकारून ऐका. बाईंचे यजमान हेन्री राइट बेकर हे मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या गुहेत तांब्याच्या पत्र्याची एक प्राचीन गुंडाळी सापडली होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, गंजून इतकी ठिसूळ झालेली की उलगडायला गेलं तर चुरा व्हावा. १९५५-५६ साली मँचेस्टरमध्ये याच राइट बेकरांनी बारीक करवतीनं ती गुंडाळी कापून तिचे २३ तुकडे केले आणि आतला मजकूर वाचता आला. अशा हातांच्या माणसानं बायकोच्या प्रयोगासाठी काय बनवलं असेल? समुद्राची भरती-ओहोटी! एका टाकीत ठरावीक वेळानं पाणी चढेल आणि उतरेल अशी व्यवस्था त्यांनी करून दिली. समुद्रापासून दूर बसलेल्या बाईंच्या प्रयोगशाळेत समुद्रच आला म्हणा ना. आपण ज्याला लॅब सेटअप म्हणतो, तो हा असा!

बाई अभ्यास करत होत्या तो वेल्सच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या पोर्फायराचा. तिकडे त्याला लेव्हर म्हणतात. ते शिजवून, त्याचा लगदा करून, ओटच्या पिठात घोळवून तव्यावर परततात. म्हणजे खायची गोष्ट तिथेही, पण सुशीशी काडीचा संबंध नाही. बाईंच्या डोक्यात जपान नव्हताच. त्यांना एक साधा प्रश्न सोडवायचा होता. हे शेवाळ उन्हाळ्यात जातं कुठं?

त्याचे बीजाणू प्रयोगशाळेत रुजायचे. त्यातून बारीक धागेही निघायचे. पण त्या धाग्यांचं पुढे पान काही व्हायचं नाही. मग बाईंनी टाकीत शिंपले ठेवून पाहिले. बीजाणू शिंपल्यावर पडले, चुन्याच्या त्या कठीण कवचात शिरले आणि आतल्या आत पसरू लागले. शिंपल्यावर गुलाबी डाग दिसू लागले. हे डाग शास्त्रज्ञांना नवीन नव्हते. १८९२ सालीच त्याला कॉन्कोसेलिस रोझिआ असं नाव देऊन एक वेगळीच वनस्पती म्हणून त्याची नोंद झालेली होती. बाईंच्या लक्षात आलं की ही वेगळी वनस्पती नाहीच. हीच पोर्फायरा! बेडकाचं पिल्लू आणि बेडूक, सुरवंट आणि फुलपाखरू दिसायला वेगळे पण जीव एकच, तसंच हे. थंडीत पान होऊन खडकावर राहायचं आणि उन्हाळा शिंपल्याच्या आत गुलाबी धाग्यांच्या रूपात काढायचा. पन्नासहून जास्त वर्षं दोन नावांनी हजेरी लावणारा विद्यार्थी एकच निघाला!

हा शोध १९४९ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छोट्याशा टिपणाच्या स्वरूपात छापून आला. त्यात ना जपान, ना सुशी, ना शेती. कुणी विचारलं असतं की बाई, याचा उपयोग काय, तर पटकन देता येईल असं उत्तर बाईंपाशी नव्हतं. आपल्या प्रोजेक्टच्या व्हायवात हा प्रश्न हमखास येतो आणि आपण तोंड वर करून काहीतरी ठोकून देतो. बाईंच्या टिपणाला कदाचित आपल्याकडे पासापुरतेच मार्क मिळाले असते!

पण ते टिपण जपानमध्ये क्यूशू विद्यापीठातले शेवाळतज्ज्ञ सोकिची सेगावा यांच्यापर्यंत पोहोचलं. वेल्सच्या शेवाळाचं जे आहे तेच आपल्या नोरीचं असणार, हे त्यांनी ओळखलं आणि जपानी जातीवर प्रयोग करून ते खरं ठरवलं. शेकडो वर्षांचं कोडं सुटलं. नोरीचं बी उन्हाळाभर समुद्राच्या तळाशी शिंपल्यांमध्ये लपून बसतं! वादळांनी नेमका तळच ढवळून काढला होता. मग पीक कसं येणार?

एकदा बी कुठं आहे हे कळल्यावर पुढचं काम इंजिनिअरिंगचं होतं. फुसाओ ओता आणि इतर जपानी संशोधकांनी कृत्रिम बीजारोपणाचं तंत्र बसवलं. किनाऱ्यावर शेडमध्ये टाक्या बांधायच्या. त्यात कालवांचे शिंपले ठेवायचे, त्यावर नोरीचे बीजाणू सोडायचे. उन्हाळाभर पाण्याचं तापमान आणि उजेड सांभाळायचा. शिंपले गुलाबी-काळपट होतात. शरद ऋतूत पाणी थंड झालं, दिवस लहान झाला की त्यातून नवे बीजाणू बाहेर पडतात. त्या वेळी जाळी मोठ्या चाकावर गुंडाळून टाकीच्या पाण्यातून फिरवायची. बीजाणू जाळीला चिकटले की जाळी समुद्रात नेऊन खांबांना बांधायची. आपल्याकडे कांद्याचं रोप आधी वाफ्यात तयार करतात आणि मग शेतात लावतात, तशीच ही समुद्राची रोपवाटिका. पुढे बी लागलेली जाळी शीतगृहात ठेवायची पद्धतही आली. एक जाळं खराब झालं तर दुसरं काढायचं. नशिबाचं गवत आता कोळ्याच्या मुठीत आलं. कापणीला, धुवायला, वाळवायला यंत्रं आली आणि जपानमध्ये वर्षाला शेकडो कोटी ताव निघू लागले. पुढे चीन आणि कोरियातही नोरीची प्रचंड शेती उभी राहिली. जगभर सुशीची हॉटेलं निघाली. माझ्या रूम पार्टनरनं मुंबईत खाल्लेल्या त्या चकतीचं मूळ असं शिंपल्यात होतं.

बाईंना यातलं किती कळलं? आपल्या कामानं हा एवढा मोठा उद्योग उभा राहिलेला बघायला त्या राहिल्या नाहीत. त्या जपानला गेल्या नाहीत, शोधाचा एक पैसा त्यांना मिळाला नाही. १९५२ साली ब्रिटिश शेवाळशास्त्र संस्था स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. आयुष्यभरात त्यांनी ४७ शोधनिबंध लिहिले, बहुतेक लाल शेवाळावरचे. १४ सप्टेंबर १९५७ रोजी कर्करोगानं त्यांचं निधन झालं. वय अवघं ५५.

पण जपानी कोळी विसरले नाहीत. बाईंच्या मृत्यूनंतर साडेपाच वर्षांनी, १४ एप्रिल १९६३ रोजी, कुमामोतो प्रांतातल्या उतो इथं त्यांचं स्मारक उभं राहिलं. सुमियोशी देवस्थानाच्या बागेत, आरिआके समुद्राकडे तोंड करून. हा आरिआके समुद्र म्हणजे जपानमधल्या नोरीचं आगर. तेव्हापासून दर वर्षी १४ एप्रिलला नोरीवाले तिथं जमतात आणि बाईंना वंदन करतात. ज्या बाईंना त्यांच्या शहरानं लग्न केलं म्हणून घरी बसवलं, त्यांना हजारो मैलांवरच्या कोळ्यांनी आईचा मान दिला.

गोष्ट इथे गोड संपते असं मात्र नाही. समुद्राचं पाणी आता गरम होत चाललंय. आरिआके समुद्रात कधी वेगळंच सूक्ष्म शेवाळ माजून नोरीचं खाद्य खाऊन टाकतं. २०२२-२३ च्या हंगामात जपानचं उत्पादन ५०० कोटी तावांच्या खाली गेलं, गेल्या अनेक दशकांतलं सगळ्यात कमी. बी हातात आहे, पण शेत बिघडलंय. म्हणजे पुढचा प्रश्न तयार आहे, तो सोडवायला पुढची बाई किंवा पुढचा बाप्या पाहिजे!

हे सगळं वाचताना मला सारखी आपल्याच जिल्ह्यातली एक बाई आठवत होती. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी गावरान बियाणं जपलं, घरात बियाण्याची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांना आपण बीजमाता म्हणतो. एक समुद्राची आई, एक बियाण्याची आई. एकीकडे विद्यापीठाची डी.एस्सी., दुसरीकडे अक्षरओळखही नाही. पण दोघींचं काम एकच. बी कुठं आहे ते ओळखणं आणि ते सांभाळणं. आणि दोघींनीही ते काम सुरू केलं तेव्हा पुढं बक्षीस मिळेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, आणि विशेषतः मैत्रिणींनो, फायनल इयरला आल्यापासून माझ्याही घरी फोनवर दोनच विषय असतात. प्लेसमेंट झाली का, आणि स्थळं बघायची का! माझ्या एका मावशीनं लग्नानंतर बी.एस्सी. अर्ध्यावर सोडलं. तिला कुठल्या नियमानं काढलं नव्हतं. नियम नसतानाही कधी कधी दार आपोआप लागतं. म्हणून कॅथलीनबाई मला लांबच्या वाटत नाहीत. पगार नाही, पद नाही, म्हणून त्यांनी प्रश्न सोडला नाही. आणि त्यांच्या घरातल्या इंजिनिअरनं प्रश्न विचारणारीला थांब म्हटलं नाही, उलट टाकी बांधून दिली. आमच्या वर्गातल्या भावी नवरदेवांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी या लेखाचं सार्थक झालं!

जपानी माणूस जेवायला बसला की घास घेण्याआधी हात जोडून इतादाकिमास म्हणतो. जे मिळालं ते नम्रतेनं घेतो, असा साधारण त्याचा अर्थ. आपल्याकडेही जेवणाआधी श्लोक म्हणतात, तसंच. ज्यानं पिकवलं, ज्यानं पकडलं, ज्यानं रांधलं, त्या सगळ्यांचे आभार त्यात येतात. त्यात मँचेस्टरच्या एका बिनपगारी बाईंचाही वाटा आहे, हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

आमच्या रूममधला वाद मिटला आहे. पुढच्या सुट्टीनंतर अकोल्याची मैत्रीण डब्यात मासवडी आणणार आहे. पहिला घास घेताना राहीबाईंची आठवण काढायची आणि दुसरा घेताना कॅथलीनबाईंची, असं आम्ही ठरवलंय. तिसरा घास मात्र उरेल याची खात्री नाही, कारण शेजारच्या रूमला वास गेलेला असतो!